चूळ भरून दिलेला आवाज

महादेवराव रौंदळे यांना माणसांच्या आवाजाचा वीट आला होता. एखाद्या शाळामास्तराबद्दल असं कोणी म्हटलं तर ते पटण्यासारखं आहे. महादेवराव होते पोलीस हवालदार. पण चौतीस वर्षांच्या नोकरीतली सोळा वर्षं त्यांनी वायरलेसच्या खोलीत कान टवकारून काढली, आणि तिथून सुटका होते न होते तोच घरोघरी मोबाइल आले. मोबाइल आले तशी रेकॉर्डिंगं आली. लाच मागितल्याचं रेकॉर्डिंग, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शिव्या दिल्याचं रेकॉर्डिंग, सासूनं सुनेला आणि सुनेनं सासूला काय-काय म्हटलं त्याचं रेकॉर्डिंग. कोणीही यावं, मोबाइल टेबलावर ठेवावा आणि म्हणावं, "आयका साहेब." साहेबांना कुठला वेळ? ते म्हणायचे, "रौंदळेंना द्या."

मग महादेवराव मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जायचे, पंखा बंद करायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि कोण काय बोललं ते शब्द न् शब्द कागदावर उतरवायचे. कुठे माणूस थांबला, कुठे खोकला, मागे कुठली मोटार वाजली, सगळं. कान मोठा तयार. एकदा तर मागे ऐकू येणाऱ्या पिठाच्या गिरणीवरून फोन कुठून झाला ते त्यांनी सांगितलं होतं. त्याचं कौतुक म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे सहा रेकॉर्डिंगं जास्त आली.

हे ठाणं सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी होतं असं समजा. नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक झाली ती ठाण्याची नव्हती, एकट्या महादेवरावांची होती, आणि ती त्यांनी चांगुलपणापोटी केली होती.

फौजदार होत्या योगिनी मॅडम. कोल्हापूरकडच्या, नव्या, हुशार. पण इकडची माणसं भरभर बोलायला लागली की त्यांची पेन्सिल हवेतच थांबायची. त्यामुळे महादेवराव त्यांच्या उजव्या हाताला कायमचे. रक्तदाब होता, गुडघे धरले होते, रिटायर व्हायला दोन-सव्वादोन वर्षं राहिली होती. वरवट बकालला थोरल्या भावाच्या, किसनरावांच्या घराला लागून दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. तिथं जाऊन वांग्याला पाणी द्यायचं, दुपारी पारावर बसायचं आणि कोणी काहीही बोललं तरी ते लिहून घ्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अशात एके दिवशी महामाया सिस्टर ठाण्यात आली.

महामाया म्हणजे वरवट बकालच्या पुढच्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. चाळिशीची, विधवा, केंद्राच्याच क्वार्टरमध्ये मनाली नावाच्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन राहायची. त्या खेड्यातल्या छकुली नावाच्या दहावीतल्या पोरीचं लग्न ठरलं होतं. पोर पंधरा वर्षांची. महामायानं वर कळवलं, हळदीच्या दिवशी सरकारी गाडी आली, लग्न थांबलं. तीन आठवड्यांनी फोन सुरू झाले. एकूण अकरा फोन. त्यातला एकच तिला नीट रेकॉर्ड करता आला.

रेकॉर्डिंग त्रेचाळीस सेकंदांचं होतं. महादेवरावांनी ते लिहून काढलं ते असं:

"बाई, सरकारनं तुह्या हातात सुई देल्ली, थे टोचत जाय. लोकायच्या घरातल्या लग्नात तोंड नको घालू. दार लावून झोपत जाय. पोरगी हाये तुले, एकटी राह्यतं. ध्यानात ठेव."

शिवी नाही, आरडाओरडा नाही. जड, फुगीर, सावकाश आवाज. त्यामुळेच अंगावर काटा यायचा. नंबर निघाला तो एका परप्रांतीय मजुराच्या नावावर. तो कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपवून केव्हाच गावी गेला होता आणि मोबाइल मलकापूरच्या बाजारात हरवल्याचं सांगत होता. संशय जाऊन जाऊन जाणार कोणावर? छकुलीचा बाप नव्हता. लग्न ठरवलं होतं तिच्या काकानं, ज्ञानेश्वर दामधरनं. पन्नाशीचा, कष्टाळू, चार माणसांत मान असलेला भाजीवाला शेतकरी. राहायला त्या खेड्यात, पण त्याचा मळा वरवट बकालच्या शिवारात, किसनराव रौंदळ्यांच्या धुऱ्याला धुरा लावून. दोघांची विहीरही सामाईक.

"मी कायले फोन करू?" ज्ञानेश्वर म्हणाला. "लगन मोडलं त मोडलं. आवाज पायजे असंल त घ्या माहा आवाज."

मग न्यायालयाची परवानगी काढून आवाजाचा नमुना घ्यायचं ठरलं. हे काम आधी तपासातल्या इतर गोष्टींसारखंच वाटतं. धमकीतले शब्द वेगळ्या साध्या वाक्यांत ओवायचे, ती वाक्यं माणसाकडून तीनदा बोलून घ्यायची, कार्ड पाकिटात घालून लाखेनं सील करायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथली माणसं दोन्ही आवाज यंत्रावर शेजारी-शेजारी मांडतात. घशातून ओठांपर्यंत येताना आवाज कुठे भरतो, कुठे पातळ होतो, जीभ कुठे टेकते, हे रेघांमध्ये पाहतात. ओव्या रचाव्यात तशी महादेवरावांनी वाक्यं रचली होती. "बाईनं दार लावलं आन् लग्नाले गेली." "सुई ध्यानात ठेव, पोरगी एकटी हाये." मॅडम ती वाचून हसल्या होत्या.

ज्ञानेश्वर आला तेव्हा त्याच्या गालात तंबाखूचा तोबरा होता. महादेवरावांनी त्याला नळ दाखवला. "थुकून घे, चांगली चूळ भर," म्हणाले, वर पाणी दिलं, चहा दिला. माणूस भावाच्या धुऱ्यावरचा, पन्नाशीचा, पंचांसमोर असा तोबरा भरून बोलेल तर बरं दिसत नाही. ज्ञानेश्वरनं चूळ भरली, टोपी सरळ केली आणि शाळेत पाढे म्हणावेत तशी सगळी वाक्यं स्वच्छ म्हणून दाखवली. आवाज इतका मोकळा की महादेवरावांना मनातून बरं वाटलं. हा तो नाही, असं त्यांनी बायकोला, सोजराबाईंना, घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

सात महिन्यांनी अहवाल आला. "वादग्रस्त ध्वनिमुद्रण व नमुना यांतील बोलण्याची स्थिती भिन्न असल्याने निश्चित मत देता येत नाही."

"बोलण्याची स्थिती म्हणजे?" योगिनी मॅडमनी कागद उलटसुलट करून विचारलं. "तो उभा होता की बसलेला?"

"बसला होता, मॅडम."

"मग झोपून फोन केला असेल का?"

अहवालाची प्रत द्यायला महादेवराव उपकेंद्रावर गेले. दाराला आतून दोन नव्या कड्या बसवलेल्या होत्या. मनाली दिसली नाही. तिला मलकापूरला आजीकडे पाठवलं होतं. महामायानं उभ्या-उभ्याच कागद वाचला आणि घडी घातली.

"म्हंजे झालं सगळं?"

"झालं नाई अजून, सिस्टर. पाहून राह्यलो ना आमी."

"काका, एक सांगू?" ती टेबलापाशी बसली. "त्याले जेलात टाका असं मी म्हनत नाई. पन या गावात साठ घरं हायेत. सकायी बीपी मोजाले मानसं येतात. 'सिस्टर, जरा पाहा बरं' म्हनते एखांदा, आन् माहे हात गार पडतात. हा थोच असंल का? याचा आवाज तसा हाये का? मी लोकायचं दुखनं आयकत नाई आता, आवाज आयकतो. नर्स म्हनून माहा काय उपेग मंग?" तिनं कपाटाकडे बोट केलं. "बदलीचा अर्ज लिवून ठेवला. दुसऱ्या खेपेलेही असाच कागद आला त जातो मी. बारा वर्स झाले इथं. या गावातले अर्धे लेकरं माह्या हातावर जन्मले."

महादेवरावांनी माणसांच्या आवाजात चौतीस वर्षं घालवली होती, पण आवाज ऐकून असं दमलेलं माणूस त्यांनी स्वतःखेरीज दुसरं पाहिलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि निघाले. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त त्यांना थकल्यासारखं वाटलं.

उकल झाली ती मलकापूरच्या स्टेशनवर. दुसऱ्याच कुठल्या मुद्देमालाचं पाकीट पोचवून महादेवराव परतले होते. गाडीत वेळ जावा म्हणून गालात तंबाखू धरली होती, तीही जरा मोठीच. स्वतःचा मोबाइल बंद पडलेला, म्हणून चहावाल्याचा मागून त्यांनी घरी फोन लावला.

"कोन बोलून राह्यलं?" सोजराबाईंनी विचारलं.

"मी."

"मी कोन? नाव सांगा ना."

"अवं मी हावो, मी!"

मग सोजराबाई कडाडल्या, "थुका अगोदर थे! छत्तीस वर्स झाले लग्नाले, नवऱ्याचा आवाज वयखू येत नाई. चूळ भरा आन् मंग फोन करा." आणि फोन ठेवला.

महादेवराव प्लॅटफॉर्मवर तसेच उभे राहिले. चहावाला मोबाइल परत मागत होता तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्रेचाळीस सेकंद त्यांनी दोनशे वेळा तरी ऐकले असतील. तो फुगीरपणा, ते शब्दांचं एकमेकांवर लोळणं, मध्येच गिळल्यासारखा येणारा घुटका. माणूस दारू प्यायला असावा असं त्यांनी टिपणात लिहिलं होतं. दारू कुठली! तोंड भरलेलं होतं. आणि इतक्या तयार कानाला ते का कळलं नाही, तेही त्यांना तिथंच उमगलं. खाकी वर्दी पाहिली की या भागातला माणूस आधी बाजूला वळून थुंकतो आणि मग बोलतो. रीतच आहे. चोर थुंकतो, सरपंच थुंकतो, फिर्यादी थुंकतो. नोकरीला लागल्यापासून महादेवरावांशी कोणी भरल्या तोंडानं बोललंच नव्हतं. अर्ध्या तालुक्याचा रोजचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, आणि स्वतःला कानाचा पक्का समजत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या.

"म्हणजे पहिला नमुना तुमच्यामुळे वाया गेला."

"हाव, मॅडम."

"आता काय करायचं? पुन्हा परवानगी मागते. प्रयोगशाळेचंही पत्र घेऊ की स्थिती शक्यतो मूळ संभाषणासारखी ठेवा. पण आरोपीच्या तोंडात तंबाखू कोंबा, असं मी हुकमात लिहू शकत नाही. आणि त्याला सांगितलं की तंबाखू खाऊन बोल, तर तो खाईल का? उद्यापासून सोडली म्हणेल."

"म्हनंल ना."

"मग?"

महादेवरावांनी खिशातली तंबाखूची डबी चाचपली. मॅडमनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फाईल ओढली. "पंचनाम्यात जे डोळ्यांनी दिसेल ते लिहायचं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तुमचं तुम्ही बघा! मोठ्या माणसांची ही एक सोय आहे.

परवानगीला पाच महिने गेले. तेवढ्या काळात महादेवरावांना नीट झोप लागली नाही. इकडे तंबाखूची चिमूट पुढे करणं म्हणजे नुसती चिमूट पुढे करणं नव्हे. दोन माणसं शेतात भेटली की एक डबी काढतो, चुना लावतो, तळहातावर मळतो, थाप मारतो आणि पुढे धरतो. ती चिमूट घेतली की त्या दोघांत त्या वेळेपुरतं वैर नसतं. भांडणं मिटतात ती अशी. महादेवरावांच्या वडिलांनी विहिरीचा वाद ज्ञानेश्वरच्या बापाशी असाच मिटवला होता, अशी घरात गोष्ट होती. आणि आता त्याच चिमटीचा फास करायचा. निवृत्तीनंतर ज्या माणसांत जाऊन राहायचं, त्यांच्यातल्याच एकाला. हा तो नसला तर गोष्ट वेगळी. पण असला तर?

एकदा त्यांनी सोजराबाईंजवळ विषय काढला. त्या तूर निवडत होत्या. "त्या सिस्टरच्या जागी आपली पोरगी असती त तुमी एवढा इचार केला असता का?" म्हणाल्या. महादेवराव उठून बाहेर जाऊन बसले. बायको बरोबर बोलली की त्यांना बाहेर जाऊन बसायची सवय होती.

ठरलेल्या दिवशी ज्ञानेश्वर वेळेवर आला. सरळ नळावर गेला, थुंकला, खळखळून चूळ भरली आणि टोपी नीट करून बाकावर येऊन बसला. पंच म्हणून सरकारी कचेरीतले दोन बाबू यायचे होते, ते यायला अर्धा तास लागणार होता. रेकॉर्ड रूममध्ये दोघंच. पंखा बंद. वांग्याच्या रोपांची गोष्ट निघाली, विहिरीच्या पाण्याची निघाली. ज्ञानेश्वरची शुगर वाढली होती, गोळ्या उपकेंद्रातूनच आणतो म्हणाला. महादेवरावांनी खिशातून डबी काढली. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळायला लागले. हात सराईत होता. नेहमीपेक्षा दुप्पट मळली. थाप मारली आणि हात पुढे केला.

"नको हवालदार साहेब," ज्ञानेश्वर म्हणाला. "आत्ताच चूळ भरली."

"घे बे. साहेब कायचा? किसनाच्या धुऱ्यावरचा तू, परका हायेस का?"

ज्ञानेश्वर हसला. "किसनभाऊचं नाव घेतलं, आता नाई कसं म्हनू?" त्यानं सगळी चिमूट उचलली आणि खालच्या ओठात, गालात सारली.

पंच आले. ज्ञानेश्वर उठायला लागला. थुकून येऊ का, असं त्यानं हातानंच विचारलं.

"राहू दे. टाइम होऊन राह्यला," महादेवराव म्हणाले. खाली पाहून म्हणाले.

या खेपेला कागद त्याच्या हातात दिला नाही. महादेवरावांनी एकेक वाक्य सांगायचं आणि त्यानं ते आपल्या तऱ्हेनं बोलायचं. आधी नाव, गाव, तारीख महादेवरावांनीच सांगितली. मग महादेवराव म्हणाले, "बाईनं दार लावलं आन् लग्नाले गेली." ज्ञानेश्वर तेच बोलला.

'बाई' या पहिल्या शब्दालाच महादेवरावांनी ओळखलं. तोच फुगीर आवाज, तेच शब्दांचं लोळणं, तोच मध्येच घुटका. यंत्राची काही गरज नव्हती. दोनशे वेळा ऐकलेला माणूस समोर दीड हातावर बसला होता, टोपी घालून, शुगरची गोळी घेऊन. महादेवरावांनी उरलेली सगळी वाक्यं तीन-तीनदा बोलून घेतली. आपला स्वतःचा आवाज त्यांना नंतर आठवेना.

ज्ञानेश्वर खिडकीतून बाहेर थुंकला तेव्हा ते पाकिटावर लाख ओतत होते.

"पयल्या खेपेले तुमीच म्हनलं होतं का चूळ भर म्हनून," तो सावकाश म्हणाला. "आज काऊन राहू देल्लं?"

महादेवरावांचं बोट लाखेनं भाजलं. पंचांनी सह्या केल्या. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'नमुना देतेवेळी सदर इसमाने स्वेच्छेने तोंडात तंबाखू धरलेली होती.' स्वेच्छेने हा शब्द महादेवरावांच्याच अक्षरातला होता. ज्ञानेश्वरनं कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि खाली सही केली. मग दारात थांबून म्हणाला, "किसनभाऊचं नाव घेऊन देली तुमी. नाव नसतं घेतलं त मी घेतली नसती." आवाज चढला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं महादेवरावांना वाटलं.

अहवाल सहा महिन्यांनी आला: दोन्ही आवाज एकाच व्यक्तीचे असण्याची दाट शक्यता. ज्ञानेश्वरवर खटला उभा राहिला, त्याला जामीन मिळाला, तारखा सुरू झाल्या. निकाल लागायचा तेव्हा लागेल. महादेवराव सिस्टरला सांगायला स्वतः गेले. रिटायर व्हायला महिना राहिला होता.

"ज्ञानेश्वरभाऊ," महामाया म्हणाली. नुसतं नाव घेतलं. "त्यायची शुगर मीच तपासतो, काका. परवाच बोट टोचलं." बाहेर ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती, लसीला आणलेली लेकरं रडत होती. महामायानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि महादेवरावांना दिसलं की तिचे खांदे खाली आले. दोन वर्षांत प्रथमच.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता बाकीच्या लोकायशी बोलता येईल मले."

तिनं कपाटातून बदलीचा अर्ज काढला, फाडला आणि इंजेक्शनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. पुढच्या आठवड्यात मनाली परत आली. आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दल महादेवरावांना त्या दिवशीही शंका नव्हती आणि आजही नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटायचं.

महादेवराव रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, मॅडम दोन शब्द चांगले बोलल्या. सामान टेम्पोत घालून नवरा-बायको वरवट बकालला आले. पहिल्या दिवशी ते पारावर गेले. सहा माणसं बसली होती, पाणी कुठे आलं, कुठे नाही, यावर तावातावानं चाललं होतं. महादेवराव बसले आणि बोलणं बसलं. "या हवालदार," कोणी म्हणालं. "बरं हाये ना?" "बरं हाये." मग एकाला गुरांना पाणी पाजायचं आठवलं, एकाला बाजारात जायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सोजराबाईंनी सांगितलं की हापशावर बायका त्यांना पाहून पदर सावरतात आणि भांडी उचलतात. भांडण कोणी केलं नाही, वाळीत कोणी टाकलं नाही. लग्नाच्या पत्रिका येत होत्या, नमस्कार होत होते. फक्त बोलत कोणी नव्हतं.

ज्ञानेश्वरनं गावात फार काही सांगितलं नव्हतं. आपण फोन केला नाही, असंही तो कुठे म्हणाला नाही. एवढंच सांगितलं होतं, "हवालदारानं तंबाखू देली, आन् थे सरकारी निंघाली." तेवढं पुरलं.

किसनराव मात्र भाऊ. दोघांनी एका ताटात खाल्लं होतं. महादेवराव नोकरीत होते तेव्हा रोज संध्याकाळी थोरल्याचा फोन यायचा, आणि सगळ्या दिवसातला तेवढा एक आवाज महादेवराव कान पसरून ऐकायचे. कोण गेलं, कोणाचं जमलं, कोणी कोणाला काय म्हटलं, सगळं. दुसऱ्या नमुन्यानंतर ते फोन कमी-कमी होत थांबले होते. महादेवरावांनी ते विहिरीच्या खात्यावर टाकलं होतं. सामाईक विहिरीवर थोरल्याला रोज ज्ञानेश्वरचं तोंड पाहावं लागतं, अवघडत असेल. आता भिंतीला भिंत होती. बोलून मोकळं होता आलं असतं.

आठव्या दिवशी सकाळी ते भावाच्या घरात गेले. किसनराव खाटेवर बसून मिरचीच्या रोपांची पेंडी सोडत होते. पासष्टी ओलांडलेले, गळ्यात माळ. महादेवरावांनी सगळं मनात जुळवून आणलं होतं. सिस्टरचं सांगायचं, तिच्या पोरीचं सांगायचं, आपल्याला झोप कशी लागत नव्हती ते सांगायचं. दादा, तुहं नाव घेतलं, ते नव्हतं घ्याला पायजे, हेही सांगायचं होतं. ते समोरच्या पाटावर टेकणार इतक्यात किसनरावांनी हात वर केला. रागानं नाही, जरा संकोचानंच.

"महादेवा," ते म्हणाले, "थो मोबाइल बाहीर ठिवून ये. मंग बस."

महादेवरावांनी खिशातून मोबाइल काढला, बाहेर जाऊन ओट्यावर ठेवला आणि आत येऊन पाटावर बसले. किसनरावांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग दोघं भाऊ अर्धा तास मिरचीच्या रोपांबद्दल बोलले.